राजा पाणी प्यायला की ते नाकातून बाहेर यायचं : चौदाव्या लुईचे दात आणि जबड्याला पडलेलं भोक

पॅरिसच्या लुव्र म्युझियममध्ये चौदाव्या लुईचं एक भलंमोठं चित्र आहे. यासांत रिगो नावाच्या चित्रकाराने ते १७०१ साली काढलं. खांद्यावरून जमिनीपर्यंत लोळणारा निळा झगा, डोक्यावर कुरळ्या केसांचा डोंगर, पायात लाल टाचांचे बूट आणि पांढऱ्या मोज्यांतले ते प्रसिद्ध पाय. फ्रान्सचा राजा कसा दिसायचा हे सांगायचं असेल तर आजही हेच चित्र दाखवतात.

पण चित्रातलं तोंड नीट बघा. गाल आत गेलेत, ओठ घट्ट मिटलेत आणि नाकाखालचा भाग बसल्यासारखा वाटतो. आपल्याकडे कवळी काढून ठेवलेल्या आजोबांचं तोंड दिसतं, तसंच. रिगोने झग्याची एकेक घडी रंगवली आणि तोंडही जसं होतं तसंच ठेवलं. तेव्हा लुई ६३ वर्षांचा होता आणि त्याच्या वरच्या जबड्यात दात जवळपास उरलेच नव्हते. ते कसे गेले आणि जाताना जबड्याचं काय करून गेले, ही गोष्ट त्याच्या डॉक्टरांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

दातांसकट जन्मलेला राजा

लुईचा जन्म ५ सप्टेंबर १६३८ चा. आईवडिलांच्या लग्नाला २२ वर्षं होऊन गेली होती, गादीला वारस मिळेल ही आशा लोकांनी सोडली होती आणि तेव्हा हा मुलगा झाला. त्यात तो जन्मला तोंडात दोन दात घेऊन. दूध पाजणाऱ्या दायांचे हाल झाले, एकामागून एक दाया बदलाव्या लागल्या. पॅरिसमधल्या एका परकीय वकिलाने तर हे पोर आत्ताच असं चावतंय, शेजाऱ्यांनी सांभाळून राहावं, अशी चेष्टाही केली. पुढे लुईने शेजाऱ्यांशी जी युद्धं केली ती पाहता चेष्टा फारशी चुकली नव्हती.

चार वर्षांचा असताना वडील गेले आणि १६४३ मध्ये तो राजा झाला. १६६१ मध्ये मुख्य मंत्री माझारँ वारल्यावर त्याने कारभार स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा मुख्य मंत्री म्हणून कुणाला नेमलंच नाही. आपल्या इतिहासाशी ताळा लावायचा तर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, त्याच वर्षी लुईचा मंत्री कोलबेर याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि चार वर्षांत सुरतेला फ्रेंचांची वखार आली.

१६८२ मध्ये लुईने दरबार व्हर्सायला नेला. तिथे राजाचं उठणं, जेवणं, झोपणं सगळं लोकांसमोर चालायचं. कोणत्या सरदाराने सकाळी सदरा हातात द्यायचा यावरून मानपान ठरायचे. राजाचं शरीर हीच तिथली सर्वांत मोठी बातमी होती. त्याला शिंक आली तरी परदेशी वकील मायदेशी पत्रं धाडत. अशा माणसाच्या तोंडाला कुजका वास येऊ लागला, तर त्याचा अर्थ काय होत असेल याचा अंदाज करा.

डॉक्टरांची वही

लुईच्या आजारांबद्दल इतकं कळतं, कारण त्याच्या डॉक्टरांनी त्याच्या तब्येतीची एक वही ठेवली होती. वालो, दाकँ आणि फागों या तीन मुख्य वैद्यांनी एकामागून एक ती लिहिली. १६४७ मधल्या देवीच्या आजारापासून १७११ पर्यंतच्या नोंदी तिच्यात आहेत. कधी ताप आला, किती रक्त काढलं, जुलाबाचं औषध कधी दिलं आणि त्याने किती वेळा काम केलं, सगळं त्यात सापडतं. वाचताना राजाची कीव येते. त्या काळचं वैद्यक मुळात शरीरातून काहीतरी बाहेर काढण्यावर चालायचं, आणि फ्रान्सच्या राजाच्या वाट्याला ते सर्वांत जास्त आलं.

(लुई आयुष्यात दोन-तीनदाच आंघोळ करायचा ही गोष्ट सोशल मीडियावर फिरत असते. ती बरीच फुगवलेली आहे. त्याचं अंग पुसलं जायचं, कपडे दिवसातून अनेकदा बदलले जायचे आणि व्हर्सायमध्ये स्नानाची वेगळी दालनंसुद्धा होती. तोंडाच्या वासाची गोष्ट मात्र खुद्द डॉक्टरांच्या वहीतलीच आहे.)

या वहीत दातांच्या तक्रारी चाळिशीपासून दिसतात. १६७८ मध्ये गाल आणि हिरडी सुजली, आत पू झाला आणि गळू फोडावं लागलं. लुईला गोड आवडायचं. मुरंबे, साखरेत घोळवलेली फळं आणि मिठाई दरबारात मुबलक होती. साखर तेव्हा श्रीमंतांनाच परवडायची, त्यामुळे किडलेल्या दातांच्या बाबतीतही राजा प्रजेच्या पुढेच होता.

दुखणाऱ्या दातावर लवंगेचं तेल लावायचे, आणि त्याने भागलं नाही की दात उपटायचा, एवढाच मार्ग होता. एक्स-रे नव्हता, भूल नव्हती. किडलेली दाढ आतून ठिसूळ झालेली असते आणि तिची मुळं मात्र हाडात घट्ट रुतलेली असतात. चिमट्याने जोर लावला की दाढेचा वरचा भाग तुटतो, नाहीतर मुळांना धरून हाडाचा तुकडाच निघून येतो. लुईच्या बाबतीत हे दुसरं घडलं. वरच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे दात काढताना जबड्याचं हाड तुटलं.

हिरडीवरची जखम वरवर भरल्यासारखी झाली असेल. आत तुटलेलं हाड मात्र कुजत राहिलं. १६८५ साल उजाडलं तेव्हा दाकँने नोंद केली, की राजाच्या वरच्या जबड्याला डावीकडे आरपार भोक पडलंय आणि त्यातून अधूनमधून घाण वासाचा पू येतो. राजा पाणी प्यायला किंवा त्याने गुळणी केली, की पाणी तोंडातून नाकात चढतं आणि तिथून कारंज्यासारखं बाहेर पडतं.

युरोपातला सर्वांत ताकदवान माणूस भर दरबारात सुपाचा घोट घेतोय आणि ते सूप नाकातून येतंय, असं हे चित्र आहे.

हे भोक पडतं कसं?

तुमच्या वरच्या दाढांच्या मुळांच्या डोक्यावर, गालाच्या हाडाच्या आत, एक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. सर्दी झाल्यावर गाल जड होतात ते हिच्यामुळेच. ही पोकळी नाकात उघडते. दाढेची मुळं आणि पोकळीचा तळ यांच्यामध्ये असतं फक्त हाड, आणि काही जणांमध्ये ते पापुद्र्याएवढंच पातळ असतं. दाढ काढताना हा पापुद्रा फुटला, की तोंडातून सायनसमध्ये आणि सायनसमधून नाकात असा सरळ रस्ता तयार होतो.

गंमत म्हणजे लुईच्या डॉक्टरांना हे अगदीच नवीन नसावं. १६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरने या पोकळीचं सविस्तर वर्णन छापलं होतं. त्यात त्याने आपल्या एका बाईपेशंटची हकीकत दिली आहे. तिचा सुळा काढल्यावर त्या जागेतून सतत पाणी झिरपायला लागलं. भोक किती खोल आहे ते बघायला तिने चांदीची सळई आत घातली, मग पिसाची लांब काडी घालून पाहिली. काडी आत जातच राहिली आणि आपण मेंदूपर्यंत पोचलो की काय या भीतीने ती हायमोरकडे धावली. काडी मेंदूपर्यंत गेलीच नव्हती. ती पोकळीत गोल फिरत होती.

आजही वरच्या दाढा काढताना हे अधूनमधून घडतं. फरक इतकाच, की आता ते लगेच ओळखता येतं. भोक दोनेक मिलिमीटरचं असेल तर रक्ताची गुठळी धरून ते बहुतेक वेळा आपोआप बुजतं. मोठं असेल तर शेजारची हिरडी किंवा गालातली चरबी ओढून घेऊन टाके घालतात. म्हणूनच वरची दाढ काढल्यावर डॉक्टर कधीकधी सांगतात, की काही दिवस नाक जोरात शिंकरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. पेशंटला हे पथ्य विचित्र वाटतं, कारण दाताचा आणि नाकाचा संबंध काय हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. भोक तसंच राहिलं, तर तोंडातले जंतू आणि अन्नाचे कण वर चढत राहतात आणि एका बाजूचा सायनस कायमचा धरतो. एकाच नाकपुडीतून येणारा घाण वासाचा स्राव ही त्याची ठळक खूण. वर्षानुवर्षं सर्दीची औषधं घेणाऱ्या काही लोकांचं मूळ दुखणं दाढेत निघतं ते असं.

चौदा डाग

दाकँचं म्हणणं होतं की कुजलेलं हाड जाळून टाकल्याशिवाय जखम भरणार नाही. १० जानेवारी १६८५ रोजी राजाच्या तोंडात तापलेल्या लोखंडाने डाग द्यायला सुरुवात झाली. एकदा, दोनदा नाही, चौदा वेळा. भूल न देता. डाग देणाऱ्याचं नाव द्यूब्वा. वहीत दाकँने नमूद केलंय, की सोसणाऱ्या राजापेक्षा डाग देणारा द्यूब्वाच जास्त थकलेला दिसत होता. यात राजाची स्तुती करण्याचा भाग असणारच, नोकरी शेवटी त्याच्याच पदरी होती. पण लुई दुखणी गप्प राहून सोसायचा हे इतरांनीही लिहिलंय.

त्यानंतर मद्यार्क आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून केलेल्या द्रावणाच्या गुळण्या सुरू झाल्या, दिवसातून अनेकदा. आणि आश्चर्य म्हणजे उपाय लागू पडला. भोक आकसलं, पाणी नाकात चढायचं थांबलं. आजच्या नजरेने बघितलं तर ही पद्धत अघोरी वाटते, पण त्यामागचा विचार अगदीच खुळा नव्हता. मेलेलं हाड आत असेपर्यंत जखम भरत नाही हे आजही खरंच आहे, आणि मद्यार्काने जंतू मरतात. दाकँला जंतू माहीत नव्हते, तरी त्याचा हात बरोबर जागी पडला. नाकातल्या घाण वासाची तक्रार मात्र त्यानंतरही लगेच मिटली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुईने आपल्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट म्हणावा असा निर्णय घेतला. प्रोटेस्टंट लोकांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक देणारा नांतचा जाहीरनामा त्याने रद्द केला. सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली, त्यांत विणकर होते, घड्याळजी होते, व्यापारी होते, आणि त्यांच्या कसबाचा फायदा इंग्लंड, हॉलंड आणि प्रशियाला झाला. दातदुखीने राजा चिडका झाला आणि म्हणून हे घडलं, असं सांगायचा मोह होतो. पण त्या निर्णयाची तयारी कित्येक वर्षं चालू होती. जबड्यावर ते खापर फोडता येणार नाही.

मग बाकीची दुखणी कुठून आली?

१६८६ च्या सुरुवातीला लुईला भगंदर झालं. त्याला घोड्यावर बसवेना. १८ नोव्हेंबरला सर्जन फेलिक्सने शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्याने पॅरिसच्या इस्पितळांतल्या गरीब रुग्णांवर कित्येक महिने सराव केला होता आणि त्यासाठी वाकडी सुरी बनवून घेतली होती. राजा वाचला. तो बरा झाल्याच्या आनंदात १६८७ च्या जानेवारीत संगीतकार लुलीने मोठा कार्यक्रम केला. ताल देताना हातातली काठी त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली, त्याने पाय कापून द्यायला नकार दिला आणि मार्चमध्ये तो मेला. राजाच्या आजारातून राजा उठला आणि गेला बिचारा संगीतकार.

इतिहासकार मिशलेने तर लुईच्या कारकिर्दीचे भगंदराआधीची आणि भगंदरानंतरची असे दोन भागच पाडले. पुढे गाऊटने सांधे धरले, राजाला चाकांच्या खुर्चीतून फिरावं लागलं. चक्कर, अपचन, ताप चालूच राहिले.

ही यादी वाचली की वाटतं, सगळ्याचं मूळ त्या कुजलेल्या जबड्यातच असणार. असं वाटणं नवीन नाही. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियालमध्ये भाषण देऊन दातांतल्या लपलेल्या जंतुसंसर्गावर शरीरभरच्या रोगांचं खापर फोडलं. मग पुढची काही दशकं सांधेदुखीपासून अशक्तपणापर्यंत कशासाठीही लोकांचे दात सरसकट उपटले गेले. अमेरिकेतल्या ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरने वेड बरं करायला रुग्णांचे दात काढले, मग टॉन्सिल्स, मग आतड्यांचे भाग. कित्येक रुग्ण दगावले. वेड काही बरं झालं नाही.

दात काढलेल्या जागी जबड्याच्या हाडात पोकळ्या राहतात आणि त्यांच्यामुळे थकवा, सांधेदुखी असं काय काय होतं, असं सांगून त्या खरवडून देणारे लोक आजही आहेत. हाडात असे बदल होऊ शकतात असं अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी १९१५ मध्येच नोंदवलं होतं. पण त्यातून सबंध शरीराचे आजार होतात याला भक्कम पुरावा नाही आणि बहुतांश दंतवैद्यांना ते मान्य नाही.

खरे धोके वेगळे आहेत आणि ते सिद्ध झालेले आहेत. दात काढल्यावर हाडात जंतुसंसर्ग पसरू शकतो, त्यात ताप, सूज, पू अशी लक्षणं दिसतात. झडपांचे काही आजार असलेल्यांना तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचण्याची भीती असते. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता मरू शकतं, हे २००३ पासून डॉक्टरांच्या लक्षात आलंय. त्यामुळे दात काढायला जाताना आपल्याला कोणती औषधं चालू आहेत ते दंतवैद्याला सांगणं गरजेचं. दाताचा आणि हाडाच्या इंजेक्शनचा काय संबंध, असं वाटून नेमकं तेच सांगायचं राहतं.

लुईपुरतं बोलायचं तर भगंदराचा आणि जबड्याचा संबंध जोडायला काहीच आधार नाही. गाऊटचाही नाही, तो त्याच्या ताटातून आला असण्याची शक्यता जास्त. पोटाची तक्रार मात्र खरोखर तोंडातून सुरू होत होती. लुईची भूक दरबारात प्रसिद्ध होती. सुपांचे अनेक प्रकार, अख्खे पक्षी, मटण, सॅलड, मग गोड. हे सगळं चावायला दातच नव्हते, म्हणून तो गिळायचा. १६९३ मध्ये दाकँला काढून त्याच्या जागी आलेल्या फागोंने न चावलेलं अन्न पोटातून तसंच बाहेर पडतं याची नोंद केली आहे. हिरवे मटार हा राजाचा जीव की प्राण, आणि तेच न पचता बाहेर यायचे. मग त्यावर उपाय म्हणून पुन्हा जुलाब.

१७१५ च्या ऑगस्टमध्ये लुईचा डावा पाय दुखायला लागला. फागोंने सायटिका म्हणून निदान केलं. पायावर काळे डाग दिसले तेव्हा गँगरीन पसरलेलं होतं. १ सप्टेंबरला, सत्त्याहत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, तो वारला. ७२ वर्षं राज्य केलेल्या या राजाने मुलगा, नातू आणि थोरला पणतूही गमावला होता, त्यामुळे गादीवर पाच वर्षांचा धाकटा पणतू बसला. शव उघडून पाहिलं तेव्हा पोट आणि आतडी नेहमीपेक्षा बरीच मोठी निघाली, असं दरबारातल्यांनी लिहून ठेवलंय.

तेरा वर्षांनी, १७२८ मध्ये, पिएर फोशार या फ्रेंच माणसाचं दातांवरचं पुस्तक आलं. आधुनिक दंतवैद्यकाची सुरुवात त्याच पुस्तकापासून धरतात. टाळूला भोक पडलेल्या लोकांना नीट बोलता आणि गिळता यावं म्हणून बसवायच्या झाकणांचे पाच प्रकार त्याने आकृत्यांसह त्यात दिले आहेत. त्यांतली काही आतल्या बाजूने पंख उघडून, खालून स्क्रू फिरवून घट्ट बसवायची होती.